विश्लेषण : सोसायटीचा पंप गरजेपेक्षा दुप्पट वीज का खातो? नवा पंप घेण्याआधी काय मोजायला हवे?

सोसायटीचे सामायिक वीजबिल वाढले की सभेत आधी लिफ्टचा विषय निघतो, मग जिन्यातल्या दिव्यांचा. दिवे एलईडी होतात, गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठरावही होतो. तळमजल्यावरच्या पंपरूमकडे मात्र मोटार जळेपर्यंत कोणी फिरकत नाही. रोज कित्येक तास चालणारा हा पंप बऱ्याच इमारतींत गरजेपेक्षा दीडपट-दुप्पट वीज खात असतो. त्यावर उपाय म्हणून नवा पंप किंवा ‘वीज वाचवणारे पॅनेल’ घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. कधी तो बरोबर असतो, कधी पूर्णपणे चुकीचा. हे ओळखायचे कसे, पाणी चढवायला मुळात वीज किती लागते आणि उरलेली वीज जाते कुठे, याविषयी…

पाणी वर चढवायला नेमकी किती वीज लागते?

याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि ते सोपे आहे. एक हजार लिटर म्हणजे एक किलोलीटर पाणी एक मीटर वर उचलायला ०.००२७ युनिट वीज पुरते. त्यापेक्षा कमी विजेत ते काम जगातला कोणताही पंप करू शकत नाही. साधारण २० मजल्यांची, ६० मीटर उंचीची इमारत घेतली तर गच्चीवरच्या टाकीत एक किलोलीटर पाणी चढवायला किमान ०.१६ युनिट लागतात.

प्रत्यक्षात जास्त वीज लागते. मोटारीत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, पंपात पाणी घुसळले जाते आणि पाइपात घर्षण होते. हे सगळे धरूनही नीट निवडलेला व चांगल्या स्थितीतला पंप हेच काम ०.३१ युनिटच्या आसपास करू शकतो. तुमच्या इमारतीत ०.६० युनिट लागत असतील तर जवळपास निम्मी वीज विनाकारण जाते आहे.

पैशांच्या भाषेत हे किती होते?

उदाहरणादाखल १६० सदनिकांची सोसायटी घेऊ. घरटी चार माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, हे पाणीपुरवठ्याच्या नियोजनात नेहमी धरले जाणारे प्रमाण. म्हणजे रोज सुमारे ८६ किलोलीटर पाणी ६० मीटर वर चढते. किलोलीटरमागे ०.६० युनिट लागत असतील तर दिवसाला ५२ युनिट, ०.३१ लागत असतील तर २७. रोजचा फरक २५ युनिटचा आणि वर्षाचा सुमारे ९,१०० युनिटचा. हिशेबासाठी युनिटमागे १० रुपये धरले तर वर्षाला ९१ हजार रुपये.

ही रक्कम १६० घरांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला ५० रुपयेही येत नाहीत. या नुकसानीकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्याचे मूळ कारण बहुधा हेच. मेंटेनन्सच्या पावतीत ते ‘सामायिक वीज’ या एका ओळीत दडून जाते. पाच टॉवरच्या संकुलात मात्र हाच आकडा दहा वर्षांत ४५ लाखांवर पोहोचतो.

एवढी वीज जाते कुठे?

यात बहुतेक वेळा मोटारीचा दोष सगळ्यात कमी असतो. मोटारींच्या कार्यक्षमतेचे आयई२, आयई३, आयई४ असे वर्ग आहेत. साडेसात किलोवॉटच्या, म्हणजे १० एचपीच्या नेहमीच्या चार पोलच्या मोटारीसाठी आयई२ वर्गाची कार्यक्षमता ८८.७ टक्के, तर आयई३ ची ९०.४ टक्के असते. म्हणजे फरक दोन टक्क्यांहून कमी. जुन्या, दोन-तीनदा रिवाइंड केलेल्या मोटारीत तो वाढतो हे खरे, तरी निम्मी वीज वाया जाण्याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

मोठा तोटा इतरत्र असतो. पहिली जागा पंपाची. प्रत्येक पंपाची सर्वोत्तम कार्यक्षमता ठरावीक उंची आणि ठरावीक प्रवाह यांच्या जोडीलाच मिळते. त्या बिंदूपासून पंप दूर चालला की कार्यक्षमता झपाट्याने घसरते. ६५ टक्के कार्यक्षमतेचा म्हणून विकत घेतलेला पंप चुकीच्या जागी ४० टक्क्यांवरही चालू शकतो. शिवाय इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आत फिरणारी चकती, वर्षानुवर्षांत झिजते. मग उचललेल्या पाण्यातले थोडे पाणी पंपाच्या आतल्या आतच मागे फिरते.

दुसरी जागा पाइपाची. त्याच प्रवाहासाठी तीनऐवजी चार इंची पाइप वापरला तर घर्षण सुमारे एक चतुर्थांशावर येते, कारण घर्षणाचा तोटा व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. बांधकामाच्या वेळी पाइपावर वाचवलेले पैसे रहिवासी पुढे वर्षानुवर्षे वीजबिलातून भरत राहतात.

तिसरी जागा अर्धवट बंद व्हॉल्व्हची. पंपरूममध्ये पंप चालू असताना त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवून ठेवलेला दिसला, तर पंप गरजेपेक्षा मोठा असण्याची शक्यता दाट आहे. एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून गाडी चालवण्यातला हा प्रकार.

पंप गरजेपेक्षा मोठा का निवडला जातो?

कारण पाणी कमी पडले तर ओरड होते. वीज जास्त गेली तर कोणाला कळतही नाही. सल्लागार हिशेबात थोडी जास्तीची ताकद धरतो, कंत्राटदार आपल्याकडून थोडी वाढवतो आणि विक्रेता त्याच्या यादीतला पुढचा मोठा पंप देतो. तिघांनी प्रत्येकी १५ टक्केच वाढवले तरी शेवटचा पंप गरजेच्या दीडपट होतो. पुढे मोटार जळते तेव्हा घाईत ‘त्याच एचपीचा द्या’ असे सांगून नवा आणला जातो आणि मूळची चूक पुढच्या दहा वर्षांसाठी पक्की होते.

एचपी हा आकडा मोटारीची ताकद सांगतो. पंप किती उंचीवर किती पाणी देईल, हे त्यातून कळत नाही. एकाच एचपीचे दोन पंप अगदी वेगवेगळ्या कामांसाठी बनलेले असू शकतात.

उंच टॉवरमध्ये प्रश्न वेगळा का?

मुंबई, ठाणे, पुण्यात आता ४० मजल्यांचे टॉवर नवलाईचे राहिलेले नाहीत. अशा इमारतीची उंची १२० मीटर धरली तर गच्चीवरच्या टाकीतून थेट पहिल्या मजल्यावर पाणी सोडल्यास तिथे सुमारे १२ बार दाब येईल. नळ आणि जोडण्या त्यात टिकणार नाहीत. म्हणून मधे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, म्हणजेच पीआरव्ही बसवतात.

विजेच्या दृष्टीने पाहिले तर आपण आधी पैसे मोजून पाणी १२० मीटर वर चढवतो आणि मग खालच्या मजल्यांसाठी ती उंची व्हॉल्व्हमध्ये वाया घालवतो. सगळ्या मजल्यांवर पाण्याचा वापर सारखा धरला तर पाणी सरासरी ६० मीटरवरच हवे असते.

याला उत्तर टप्प्यांचे आहे. खालच्या २० मजल्यांसाठी ६० मीटरवर एक टाकी आणि वरच्या २० मजल्यांसाठी गच्चीवर दुसरी, दोन्हींना स्वतंत्र पंप, अशी रचना केली तर सरासरी उचल १२० वरून ९० मीटरवर येते. म्हणजे २५ टक्के बचत. तीन टप्पे केले तर ती ३३ टक्के होते. यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. मात्र हा निर्णय नकाशा काढतानाच घ्यावा लागतो. राहत्या इमारतीत मधल्या मजल्यावर टाकीसाठी जागा आणि तिचे वजन पेलणारा स्लॅब सहसा मिळत नाही. पुनर्विकासाच्या वाटाघाटींत वाढीव चटईक्षेत्र आणि पार्किंगच्या जोडीला हा प्रश्न विचारायला हवा, तो यासाठी.

व्हीएफडी बसवली की बिल निम्मे होते का?

सोसायट्यांना आज सर्वाधिक विकली जाणारी कल्पना म्हणजे व्हीएफडी, अर्थात मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण. विक्रेत्यांच्या सादरीकरणात एक नियम हमखास असतो : पंपाचा वेग २० टक्के कमी केला की वीज जवळपास निम्म्यावर येते. नियम खरा आहे. वेग ८० टक्क्यांवर आला की प्रवाह ८० टक्के, दाब ६४ टक्के आणि ताकद ५१ टक्के होते.

खोच त्या ‘दाब ६४ टक्के’मध्ये आहे. पाणी फक्त पाइपात गोल फिरवायचे असेल तर दाब कमी झालेला चालतो. गच्ची मात्र पंपाचा वेग कमी केला म्हणून खाली येत नाही. समजा टाकी ६० मीटरवर आहे आणि पंप पूर्ण वेगात, म्हणजे ५० हर्ट्झला, जास्तीत जास्त ७५ मीटरपर्यंत दाब देऊ शकतो. वेग ४४ हर्ट्झवर आणला तर हा आकडा ५८ मीटरवर येतो. पाणी गच्चीपर्यंत पोहोचतच नाही. मोटार चालू राहते, वीज जाते आणि पंप गरम होतो. थोडा वेग कमी करून पाणी चढलेच, तरी टाकी भरायला वेळ जास्त लागतो आणि बचतीचा मोठा भाग त्यात निघून जातो.

थोडक्यात, खालच्या टाकीतून वरची टाकी भरणाऱ्या पंपाला व्हीएफडीचा फायदा फार थोडा. तिथे नेमका निवडलेला, एकाच वेगाने चालणारा पंप सरस ठरतो. टाकीऐवजी हायड्रोन्यूमॅटिक यंत्रणेतून थेट नळांना दाबाने पाणी देणाऱ्या इमारतीत मात्र व्हीएफडी उपयोगी पडते, कारण तिथे मागणी क्षणोक्षणी बदलते. पहाटे तीनला एक नळ उघडा असतो, तर सकाळी सातला दोनशे.

मग मॉल, रुग्णालये, आयटी पार्कमध्ये काय?

व्हीएफडीची खरी जागा तिथेच आहे. मोठ्या वातानुकूलित इमारतीत चिलरमध्ये थंड झालेले पाणी पंपाने सगळ्या मजल्यांवर फिरवले जाते. हे बंद वर्तुळ असते. जेवढे पाणी वर चढते तेवढेच खाली येते, त्यामुळे उंचीचा हिशेब शून्य होतो आणि पंपाला फक्त घर्षणाशी झुंजावे लागते. वेग कमी केल्याचा पूर्ण फायदा इथे मिळतो. शिवाय कडक उन्हाळ्यातल्या दुपारसाठी निवडलेला पंप वर्षाचे बहुतेक तास त्याहून कमी गरजेवर चालत असतो.

तरीही नुसती व्हीएफडी बसवून भागत नाही. अनेक जुन्या यंत्रणांत तीन तोंडांचे व्हॉल्व्ह असतात. खोली थंड झाली की ते पाणी खोलीच्या यंत्राला वळसा देऊन परत पाठवतात. पंपाच्या दृष्टीने मागणी कधी कमी होतच नाही आणि व्हीएफडी पूर्ण वेगातच चालत राहते. तिथे आधी दोन तोंडांचे, खरोखर बंद होणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात.

दुसरी खूण तापमानाची. पाणी ७ अंशांना निघून १२ अंशांना परतेल, अशी आखणी साधारणपणे असते. प्रत्यक्षात ते साडेनऊ अंशांनाच परतत असेल तर तितक्याच थंडाव्यासाठी दुप्पट पाणी फिरते आहे. त्याच पाइपांतून दुप्पट पाणी ढकलायला तत्त्वतः आठपट ताकद लागते. चिलरजवळचे दोन तापमापक रोज वाचून नोंदवही ठेवली तरी हा दोष उघडा पडतो.

आपल्या इमारतीत मोजायचे कसे?

यासाठी महागडे ऑडिट आधीच करण्याची गरज नाही. तीन आकडे पुरतात : पाणी किती चढले, वीज किती लागली आणि उंची किती.

पंपासाठी स्वतंत्र सबमीटर बसवून घ्या. सामायिक मीटरवर लिफ्ट आणि दिवेही असल्याने त्यावरून नेमके काही कळत नाही. दुपारी, वापर कमी असताना, गच्चीवरच्या टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह तेवढ्या वेळापुरता बंद करा. टाकीची आतली लांबी आणि रुंदी मोजा. पंप सुरू करण्यापूर्वी आणि नंतर पाण्याची पातळी टेपने घ्या. लांबी, रुंदी आणि वाढलेली पातळी यांचा मीटरमध्ये गुणाकार केला की किती किलोलीटर पाणी चढले ते मिळते. सबमीटरवरचे युनिट त्या आकड्याने भागा.

समजा २० किलोलीटर पाणी चढले आणि १२ युनिट गेले. म्हणजे किलोलीटरमागे ०.६०. खालच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून गच्चीवरच्या टाकीत पाणी पडते तिथपर्यंतची उंची ६० मीटर असेल तर किमान गरज ०.१६ ची. म्हणजे एकूण यंत्रणेची कार्यक्षमता २७ टक्के. ढोबळमानाने ५० टक्क्यांच्या आसपास असाल तर तुमचा पंप ठीक चालला आहे. ३५ टक्क्यांच्या खाली असाल तर दुरुस्तीचा खर्च वसूल होण्याची शक्यता चांगली आहे. हीच चाचणी दर सहा महिन्यांनी केली तर पंप झिजतोय का, तेही कळते.

नवा पंप न घेता काय करता येते?

बरेच काही. खालच्या टाकीतला फूट व्हॉल्व्ह गळका असेल किंवा त्याच्या जाळीत गाळ अडकला असेल तर तो आधी नीट करावा. पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्ही, अर्धवट अडकलेला असला तरी पंपावर सतत ताण येतो. टाकी भरताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच चालतो की नाही ते पाहावे. ओसंडून वाहणारे पाणी म्हणजे गटारात ओतलेली वीजच.

पंप मोठा असल्याचे सिद्ध झाले तर प्रत्येक वेळी तो बदलावाच लागतो असे नाही. इम्पेलरचा व्यास लेथवर थोडा कमी करून घेता येतो. तो किती कमी करायचा हे मात्र उत्पादकाचा आलेख पाहूनच ठरवावे. एकदा कापलेली धातू परत जोडता येत नाही.

सर्वांत स्वस्त बचत घराघरांत आहे. फ्लशच्या टाकीतून दर दोन मिनिटांना एक लिटर गळत असेल तर दिवसाला ७२० लिटर होतात. अशी दहा घरे असली की रोज सात किलोलीटर पाणी उगाच वर चढते आणि पाण्याच्या बिलाबरोबर दिवसाला चार युनिटही जातात.

नवा पंप घ्यायचाच झाला तर काय विचारावे?

कोटेशन मागताना ‘१० एचपीचा पंप’ असे लिहू नये. ‘इतक्या मीटर उंचीवर, तासाला इतके किलोलीटर’ असे लिहावे. विक्रेत्याकडून त्या मॉडेलचा आलेख मागावा आणि आपल्या उंचीला व प्रवाहाला कार्यक्षमता किती, हे लेखी घ्यावे. पंप बसवल्यावर वर सांगितलेली चाचणी करून किलोलीटरमागचे युनिट जुळले तरच शेवटचा हप्ता द्यायचा, अशी अट घालता येते.

सभेत सहसा सर्वात कमी दराचे कोटेशन मंजूर होते. पण साडेपाच किलोवॉट वीज घेणारा पंप रोज पाच तास चालला तर वर्षाला सुमारे १० हजार युनिट, म्हणजे १० रुपये दराने एक लाख रुपये वीज खातो. दहा वर्षांचे दहा लाख. त्यापुढे दोन पंपांच्या किमतीतला काही हजारांचा फरक किरकोळ ठरतो.

पंप कधी चालवावा, याने फरक पडतो का?

बिलात पडू शकतो. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार वीजदराची तरतूद केली. त्यानुसार सौरऊर्जा मुबलक असलेल्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. शेती वगळता इतर ग्राहकांसाठी यात १ एप्रिल २०२५ ही तारीख दिली गेली. त्यासाठी स्मार्ट मीटर आवश्यक आहे. तुमच्या सामायिक मीटरला हा दर लागू असेल तर टाकी संध्याकाळऐवजी दुपारी भरणे फायद्याचे. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर तेच योग्य. गच्चीवरची टाकी ही एक प्रकारची बॅटरीच आहे : वीज स्वस्त असताना ‘चार्ज’ करायची, गरज पडेल तेव्हा वापरायची.

कायदा काय सांगतो?

मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ पासून आहे. २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. तिचा पहिला भाग भिंती, खिडक्या आणि छतापुरता होता. २०२१ च्या पुढच्या भागात सामायिक दिवे, लिफ्ट आणि पंपही आले. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा केला. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारबद्ध मागणी ही त्यासाठीची मर्यादा आहे. संहितेचा मुख्य रोख नव्या बांधकामांवर आहे. आज उभ्या असलेल्या हजारो इमारतींचा प्रश्न त्यांच्या व्यवस्थापन समित्यांनाच सोडवावा लागणार आहे.

कोणत्या पंपाला हात लावू नये?

आगीच्या पंपाला. तो वर्षात जेमतेम काही तास, चाचणीपुरताच चालतो, त्यामुळे बचतीचा प्रश्नच नाही. त्याची क्षमता कमी करणे जिवावर बेतू शकते. मात्र आगीच्या पाइपलाइनमधला दाब कायम ठेवणारा छोटा जॉकी पंप दिवसभर चालू-बंद होत असेल, तर लाइनमध्ये कुठेतरी गळती आहे. ती शोधून बंद केली तर वीज वाचेलच, शिवाय आग लागेल त्या दिवशी दाबही पूर्ण मिळेल.

पुढच्या सर्वसाधारण सभेत व्हीएफडीचे किंवा नव्या पंपाचे कोटेशन समोर आले, तर सभासदांनी सेक्रेटरींना एवढेच विचारावे : आपल्याला किलोलीटरमागे आज किती युनिट लागतात आणि हे बसवल्यावर किती लागतील? पहिल्या आकड्यासाठी एक सबमीटर, एक टेप आणि दुपारचे दोन तास पुरतात. दुसरा आकडा विक्रेत्याने लेखी द्यायचा आहे. तो देत नसेल तर त्या कोटेशनवर मतदान पुढे ढकललेले बरे.